तिसरं इंजिन

लोहगावच्या धावपट्टीच्या आसपास वाढलेल्या माणसाला पक्ष्यांची नावं धड सांगता येत नाहीत, विमानांची येतात. विश्रांतवाडी, कळस, धानोरी, येरवडा या पट्ट्यात सत्तरच्या दशकात जी पोरं लहान होती, त्यांना मान वर न करता नुसत्या आवाजावरून कॅनबेरा कुठलं आणि मिग कुठलं ते कळायचं. हा तळ इंग्रजांनी १९३९ साली उभारलेला. पुण्याची प्रवासी विमानं आजही हवाई दलाच्याच धावपट्टीवर उतरतात, त्यामुळे डोक्यावरचं आकाश कुणाच्या मालकीचं याबद्दल आमच्याकडे कधी वाद नव्हता. शाळेवरून मिग गेलं की मास्तर खडू फळ्याला टेकवून थांबायचे आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे चालू करायचे. पानिपतावरचे सदाशिवरावभाऊ तेवढा वेळ होते तिथेच ताटकळत.

त्याच आकाशात मला एकदा एक विमान दिसलं, जे पुढे कित्येक वर्षं कुणालाच पटलं नाही.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा पावसाळा. रेशनचा मिलो अजून घरातून पुरता हद्दपार झाला नव्हता. ढग खाली आलेले आणि विमान त्याहून खाली. दोन्ही पंखांवर एकेक इंजिन, इंजिनापुढे फिरतं पातं आणि इंजिनामागून निघालेला एक लांब दांडा थेट शेपटापर्यंत. असे दोन दांडे, दोन उभी शेपटं आणि त्या दोघांना जोडणारी एक आडवी फळी. मधलं धड शेपटापर्यंत पोचतच नव्हतं, अर्ध्यावरच संपलं होतं. वळण घेताना विमान कलंडलं तेव्हा त्याची पाठ दिसली, आणि पाठीवर, बरोबर मध्यावर, एक नळकांडं. विमान घुमतही होतं आणि कर्कश शिट्टीही घालत होतं. दोन्ही एकाच वेळी.

आईला धावत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं. दोरीवरचे कपडे काढलेस का?’

मोठेपणी हा विषय मी घरात पुन्हा काढला. पुण्यात विषय काढणं सोपं असतं, मिटवणं नव्हे. आमचे मेव्हणे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे लष्कराशी लांबून का होईना संबंध असलेल्या कुठल्याही गोष्टीत त्यांचा शब्द अखेरचा.

‘दोन शेपटं ना? व्हॅम्पायर,’ चहात बिस्कीट बुडवत ते म्हणाले. ‘आपल्याकडे होती. बंगळूरला बनायची.’

‘भाऊजी, व्हॅम्पायर जेट. एकच इंजिन, पुढे पातं नाही, आणि आकारानं एवढंसं. मी सांगतोय ते मालवाहू होतं, चांगलं दांडगं.’

‘तू तेव्हा एवढासा होतास. एवढ्याशाला एवढंसं दांडगंच दिसणार.’

बिस्कीट तोवर चहात पडलं होतं, म्हणून वाद तेवढ्यावर थांबला.

सोसायटीत लष्करातून सुभेदार मेजर होऊन आलेले एक काका आहेत. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि डोळे न उघडताच निकाल दिला: कॅरिबू. कॅरिबूला दोन इंजिनं असतात हे खरं, पण शेपूट एकच, उंच उचललेलं. दुसऱ्या एकांनी पाठीवर काहीतरी होतं एवढंच ऐकलं आणि लगेच तबकडी बसवलेलं अ‍ॅव्हरो पुढे केलं. ते तबकडीचं विमान नव्वदच्या दशकातलं. माझं मिलोच्या काळातलं. तिसऱ्यांनी डाकोटा म्हटलं. डाकोटा म्हणण्याला काही कारण लागत नाही. जुनं विमान म्हटलं की कुणीतरी डाकोटा म्हणतंच.

जो तो आपल्या ओळखीच्या विमानात माझं विमान कोंबत होता आणि जे मावत नव्हतं ते कापायला मला सांगत होता. सल्ला सगळ्यांचा एकच: ‘ते पाठीवरचं सोड, म्हणजे जमतं.’

शेवटी जे सोडायला सगळे सांगत होते तेच घट्ट धरून बसलो, आणि विमान सापडलं. फेअरचाइल्ड सी-११९, हवाई दलाच्या बोलीत पॅकेट. अमेरिकेत मेरीलँडमधल्या हॅगर्सटाउनच्या कारखान्याचं अपत्य. त्याचं पहिलं उड्डाण १९४७ सालचं, आणि आपल्याकडे ती विमानं १९५४ पासून यायला लागली. धड अर्ध्यावर संपतं याला कारण आहे. मागची बाजू म्हणजे दुपाखी दार. शेपूट दोन दांड्यांवर आडबाजूला नेऊन ठेवल्यामुळे ट्रक सरळ मागे लावून माल आत ढकलता येतो, आणि आकाशात गेल्यावर तोच माल, नाहीतर माणसं, मागून खाली सोडता येतात. एकेक इंजिन १८ सिलिंडरचं, साडेतीन हजार अश्वशक्तीच्या घरातलं. हिरोशिमावर गेलेल्या बी-२९ विमानाला होतं त्याच घराण्यातलं. त्याच्या एकेका सिलिंडरची क्षमता तीन लिटर. एका सिलिंडरमध्ये वीस बजाज चेतक बसतील असा हिशेब मी भाऊजींना मांडून दाखवला. ‘मायलेज काय?’ त्यांनी विचारलं.

आता पाठीवरचं नळकांडं. एवढी मोठी इंजिनं असूनही पॅकेटचा जीव हिमालयात गुदमरायचा. हवा विरळ झाली की इंजिनाचा जोर उतरतो, पंखांची उचलही उतरते. त्यात दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तर भोवती डोंगर आणि जाणार कुठे? लेहला रसद तर रोज पोचवायची. तेव्हा तोडगा निघाला: पाठीवर एक जेट बसवा. आधी अमेरिकी जे-३४, पुढे बंगळूरला बनणारं ऑर्फियस, म्हणजे नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानाचं इंजिन. जमिनीवरून उठताना आणि अडीअडचणीला ते चालवायचं, एरवी बंद. विमान बनवणाऱ्यांच्या मूळ आराखड्यात नसलेलं, गरजेनं चढवलेलं हे तिसरं इंजिन. आपल्याकडे जुन्या घरावर एक खोली चढवतात ना, तसं. बाहेरून बघणाऱ्याला ते शोभत नाही, पण आत राहणाऱ्याला तिच्यावाचून चालत नाही.

याच जातीच्या विमानानं जुलै १९६२ मध्ये एक अचाट काम केलं. स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखमध्ये काराकोरम खिंडीजवळच्या दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवलं. उंची सोळा हजार फुटांच्या वर. तिथे माणसाला चार पावलं टाकली की धाप लागते, आणि यांनी मालवाहू विमान उतरवून परतही आणलं. पुढे काही वर्षांनी ती धावपट्टी बंद पडली. त्यानंतर तिथे हवाई दलाचं विमान उतरलं ते थेट २००८ साली, एएन-३२.

एकदा नाव कळल्यावर माझ्या आठवणीतल्या बाकीच्या गोष्टी आपोआप रांगेत उभ्या राहिल्या. घुमणं आणि शिट्टी एकत्र होती, म्हणजे मोठी इंजिनं आणि जेट दोन्ही चालू होती. म्हणजे विमान उतरत नव्हतं, नुकतंच उडालं होतं. विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उडतं. पावसाळ्यात पुण्याचा वारा पश्चिमेचा, त्यामुळे लोहगावहून उडालेलं विमान पश्चिमेला, म्हणजे आमच्या अंगावरच येणार. ते इथलं नव्हतंच. पॅकेटं आग्र्याची. काहीतरी पोचवायला नाहीतर न्यायला आलं असेल आणि काम आटोपून निघालं असेल. लहानपणी मला यातलं काहीएक माहीत नव्हतं. म्हणजे मी ते जुळवून सांगणं शक्यच नव्हतं.

भाऊजी मात्र इतक्यात हार मानणारे नव्हते. ‘तू सिनेमात पाहिलं असशील,’ ते म्हणाले. ‘वाळवंटात विमान पडतं आणि त्याच्याच तुकड्यांतून दुसरं बनवतात, तो. कॅम्पात लागला होता.’

हा मुद्दा बिनतोड वाटला तरी तसा नव्हता. ‘फ्लाइट ऑफ द फीनिक्स’ हा १९६५ चा चित्रपट. त्यातलं विमान पॅकेटचा थोरला भाऊ, सी-८२. दोन दांडे, दोन शेपटं, अर्धवट धड, सगळं तेच. पण त्याच्या पाठीवर नळकांडं नाही. सिनेमातून उचललं असतं तर मी तेवढंच उचललं असतं. तिसरं इंजिन उचलायला मला खरं विमानच पाहावं लागलं.

इथे ताईनं संभाषणात भाग घेतला. ‘याचं बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘मीही पाहिलंय. त्यातून सैनिक उड्या मारत होते. आकाश छत्र्यांनी भरून गेलं होतं.’

ताई माझ्याहून मोठी, तेव्हा तिला खोटं पाडायची आमच्यात पद्धत नाही. पण छत्र्यांनी भरलेलं ते आकाश कुठून आलं हे मला कळलं. ११ डिसेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ आपली दुसरी पॅरा बटालियन छत्र्यांनी उतरली. मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण ती. त्यांना नेणाऱ्या विमानांत एएन-१२ होती, डाकोटा आणि कॅरिबू होती, आणि पॅकेटंही होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छत्र्यांनी गजबजलेल्या आकाशाचा फोटो झळकला. घरोघरी तो कापून ठेवला गेला. आमच्याकडेही कपाटाच्या दाराला आतून बरीच वर्षं चिकटवलेला होता.

यातली खरी मौज पुढे आहे. तो फोटो टांगाइलचा नव्हताच. उतरत्या पलटणीचा फोटो हाताशी नव्हता, म्हणून आग्र्याजवळच्या आधीच्या सरावाचा, अख्ख्या ब्रिगेडचा फोटो दिला गेला. उतरली होती एक बटालियन. परदेशी बातम्यांत ती पाच हजारांची फौज झाली. ढाक्याच्या रोखानं एवढी फौज निघालीय म्हटल्यावर समोरच्यांच्या पोटात गोळा आला तो वेगळाच. म्हणजे आग्र्याचं आकाश टांगाइलचं म्हणून छापून आलं, आणि तेच आमच्या कपाटाच्या दारावरून सरकत विश्रांतवाडीवर पसरलं. ताईला हे सांगायचं कुणी? मी सांगितलं नाही. भाऊजींनीही सांगितलं नाही. लष्करी बाबतींत त्यांचा शब्द अखेरचा असला तरी घरच्या बाबतींत तसं नाही.

या सगळ्या खटाटोपातून आठवणींबद्दल मला एक खूणगाठ मिळाली. ताईच्या आठवणीत सगळं कसं जिथल्या तिथे आहे: विमान आहे, त्यात सैनिक आहेत, ते उडी मारतात, छत्र्या उघडतात. कुणी एका शब्दाने शंका घेतली नाही. माझ्या आठवणीतलं नळकांडं मात्र अगदीच बेंगरूळ, कुणालाही न पटणारं, आणि खरं तेच निघालं. मनाला अर्धवट गोष्ट सहन होत नाही. ते सिनेमातलं, पेपरातलं, शेजाऱ्यानं सांगितलेलं आणून भोकं बुजवतं आणि वर गिलावा करतं. पण भोकं बुजवायला मन नेहमी बसणारं सामान आणतं. न बसणारं काही आठवणीत टिकून राहिलं असेल, तर ते आपण आणलेलं नसतं. ते तिथे आधीपासूनच असतं. म्हणून आजोबांची गोष्ट ऐकताना मी हल्ली लढाईच्या वर्णनाकडे फार लक्ष देत नाही. आजोबा मध्येच ‘आणि त्या साहेबाच्या एकाच पायात मोजा होता’ म्हणाले, की तिथे कान टवकारतो.

दिल्लीत पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात एक पॅकेट उभं आहे. कोणाला ताडून पाहायचं असेल तर जाऊन पाहावं.

भाऊजींनी अखेर पॅकेट मान्य केलं, आणि मान्य केलं ते पुरतंच. गेल्या दिवाळीत पाहुण्यांसमोर ते सांगत होते की खडकीला कारखान्याच्या फाटकाशी उभे असताना त्यांनीही ते पाहिलं होतं. दोन दांडे, दुपाखी दार, एकेक इंजिन अठरा सिलिंडरचं, पाठीवर ऑर्फियस, पश्चिमेचा वारा, निघालेलं आग्र्याला. सगळं क्रमवार, कुठे अडखळणं नाही, एकही चूक नाही. पाहुणे माना डोलावत होते. मीही डोलावली. इतकं बिनचूक सांगताहेत म्हटल्यावर त्यांनी ते पाहिलेलं नाही याची माझी खात्री पटली.