निघालो, म्हणजे अजून भोपाळातच आहोत

भोपाळमधलं मराठी कुटुंब गाडी घेऊन कन्याकुमारीला निघतं, तेव्हा पहिल्या दिवसाचा बेत सहसा असा असतो: पहाटे चारला निघायचं, दुपारचं जेवण नागपुरात, रात्री हैदराबाद. नागपूर साडेतीनशे किलोमीटर, पुढे हैदराबाद पाचशे. कागदावर काहीच नाही. प्रत्यक्षात नऊ वाजता गाडी कोलार रोडवरच उभी असते. रक्तदाबाच्या गोळ्या फ्रिजवर राहिलेल्या असतात, आणि त्या आणायला गेलेला माणूस गॅस बंद आहे ना, तेही दोनदा बघत असतो. मग सगळे एकमेकांवर चिडतात. माझ्या मते दोष माणसांचा नाही, बेताचा आहे. लांबच्या प्रवासाचा पहिला दिवस घरातून सुटण्यात जातो, आणि ते काम अख्ख्या दिवसाचं आहे.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखलं गेलं होतं. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान ठेवते आणि पहिला मुक्काम देहूतच, इनामदार वाड्यात करते. दुसऱ्या दिवशी ज्ञानोबांची पालखी निघते, ती आळंदीतच आजोळघरी विसावते. पंढरपूरच्या वाटेवरचे सर्वांत मुरलेले प्रवासी पहिल्या दिवशी गावाची वेस ओलांडत नाहीत, तरी आषाढी एकादशीला वेळेवर पोचतात. जुन्या घरांतही मुहूर्त साधायला कपड्यांचं गाठोडं शेजारी नेऊन ठेवत. प्रस्थान ठेवलं की शास्त्राप्रमाणे माणूस निघाला. जेवायला मात्र घरीच. याला खुळी समजूत म्हणून हसणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की फ्रिजवरच्या गोळ्या आठवायला त्यात एक रात्र मिळायची.

उलट बाजूचा पुरावा खुद्द भोपाळने दिला आहे. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावाने निजामाला इथे कोंडलं. अवजड तोफा आणि लष्कराचा अवाढव्य संसार घेऊन निजाम कसाबसा बाहेर पडला, पण दिवसाला जेमतेम काही मैल सरकत दोराह्यापर्यंतच पोचला. तिथे जानेवारी १७३८ मध्ये तह झाला: माळवा, नर्मदा ते चंबळ हा मुलूख आणि ५० लाख रुपये. दोराहा आजच्या गाडीने भोपाळपासून तासाभरावर आहे. इतक्या कमी अंतराला इतका टोल त्यानंतर कोणी भरलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, बाजीराव तर झपाट्याने जायचाच की! जायचा, पण त्याच्या स्वारांजवळ इडलीपात्र नसायचं. वेग सामानावर ठरतो, आणि सामान पहिल्याच दिवशी सर्वांत जड असतं. दशम्या, चिवडा, लाडू मुक्कामागणिक कमी होत जातात. दुसरा आक्षेप चौपदरी रस्त्याचा. रस्ता उत्तम झाला, हे मान्य. पण त्यानेच सामान वाढवलं. रेल्वेने जाताना जे स्वतः उचलावं लागलं असतं, ते आता ‘असू दे, डिकीत जागा आहे’ म्हणत आत शिरतं. जागा आहे म्हणून गरज निर्माण होते. उशांच्या बाबतीत तर हे हमखास दिसतं.

म्हणून माझी सूचना अशी, की पहिला मुक्काम नर्मदापुरमला करावा. जुनं होशंगाबाद, अंतर सुमारे ७५ किलोमीटर. हैदराबादवाले हसतील, हसू द्यावं. वाटेत ओबेदुल्लागंजच्या पुढे भीमबेटका लागतं. २००३ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या गुहा भोपाळकर ‘येताना बघू’ म्हणून सोडतात आणि येताना रात्र झालेली असते. पहिल्याच दिवशी बघून घ्याव्यात. संध्याकाळी सेठानी घाटावर बसावं. तिथे परिक्रमावासी भेटले तर त्यांचं सामान नीट पाहावं: परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा प्रवास, आणि एवढ्यासाठी एक झोळी नि एक कमंडलू. मग खोलीवर येऊन आपल्या बॅगा उघडाव्यात. इटारसी जंक्शन जवळच आहे. भोपाळकडे जाणारा एखादा नातेवाईक गाठून त्याच्याबरोबर इडलीपात्र आणि चार उशा परत पाठवता येतात. लोणच्याच्या बरणीचा विषय निघेलच, पण तो रात्री अकरानंतर काढू नये. सकाळी निघायचं असतं.