उपग्रह जागेवर, छत्री वाऱ्यावर

डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही; त्यामुळे चित्र गेलं की कोणावर ओरडायचं, हाच पेच पडतो. मग घरोघरी तज्ज्ञ उगवतात. पहिलं निदान ठरलेलं : ‘उपग्रहच सरकला असणार!’ ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६,००० किलोमीटरवर जीसॅट-१५ इमानेइतबारे आपली जागा धरून असतो. सरकलेली असते आपली छत्री, कारण तिच्या दांड्याला कोणीतरी कपड्यांची दोरी बांधलेली असते. वास्तुशास्त्रासाठी भिंती पाडणारी मंडळी छत्री आग्नेयेला वळवताना मात्र अंदाजपंचे कारभार करतात. शेजाऱ्याचा आंबा आडवा आला, छत्रीपुढच्या लहरी टिपणाऱ्या एलएनबीच्या जोडात पाणी शिरलं, तरी दोष सरकारचाच. मुसळधार पावसात केयू बँडच्या लहरी क्षीण होतात, हे भौतिकशास्त्र. पण ऐन मालिकेत होतात, म्हणजे कारस्थान! वाहिनी गायब झाली तर तिनं लिलावात घेतलेल्या जागेची मुदत संपली असेल, नव्यानं ट्यूनिंग करून पाहावं, हे सुचण्याआधी सेट-टॉप बॉक्सला चार थपडा बसलेल्या असतात. शेवटी मेकॅनिक येतो, जोड पुसतो, आणि वर्षभरात वाचलेलं केबलभाडं मोजून घेऊन जातो.