सहलीचे नाझर

मेहकर तालुक्यातील आमच्या डोणगावात प्रत्येक आळीला असा एक तरी गृहस्थ लाभलेला असतो, की ज्याच्यावाचून सहल निघू शकत नाही आणि ज्याच्यामुळेच ती निघत नाही. कुठे तो सेवानिवृत्त मुख्याध्यापक असतो, कुठे तलाठी, कुठे पोस्टमास्तर. आमच्या आळीच्या वाट्याला आला तो तहसील कचेरीतला नाझर. कचेरीतल्या खुर्च्या, कुलुपे, तिजोरीच्या किल्ल्या, निवडणुकीचे सामान आणि वरिष्ठांच्या दौऱ्याचा चहा या सर्वांचा बंदोबस्त ज्याच्या शिरावर असतो तो नाझर. आणि अशा मनुष्याने उभी हयात बंदोबस्तात घालविल्यावर, सेवानिवृत्तीनंतर त्याला कचेरी उरत नसल्यामुळे, तो शेजाऱ्यांचा बंदोबस्त करू लागतो. त्यांचे मूळ नाव आळीतल्या निम्म्या लोकांस ठाऊक नाही. लहानथोर सर्वजण त्यांस नाझरसाहेब म्हणतात, आणि त्यांच्या पत्नीस, त्यांनी कचेरीचे तोंड केवळ एकदा पाहिलेले असूनही, नाझरीणबाई.

नाझरसाहेबांच्या आयुष्यातील अपुरे राहिलेले कार्य म्हणजे आळीची लोणार येथील एका दिवसाची सहल. लोणार आम्हांस इतके जवळ, की मेहकर आणि सुलतानपूर असा वळसा घालून गेले तरी सकाळी निघालेल्या मनुष्याने न्याहारी तिथे करावी आणि दिवेलागणीस घरी यावे. काशी-रामेश्वर करून आलेली माणसे आमच्या गावात पैशाला पासरी मिळतील. परंतु आमच्या आळीतला एकही पुरुष, उल्केच्या आघाताने काळ्या कातळात पडलेल्या त्या सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या विवरात आजतागायत उतरलेला नाही. कारण विचारले असता प्रत्येकजण, शपथेवर जबानी दिल्याप्रमाणे, एकच सांगतो : "नाझरसाहेबांची यादी चालू हाय."

ही यादी एका लांबट, लाल कापडी बांधणीच्या खतावणीत असते. तिच्यात अनुक्रमांक, बाब, नग, जबाबदार इसम आणि शेरा असे पाच रकाने असून ते आखण्यासाठी साहेब ओसरीवर मांडी घालून बसतात, पोलादी पट्टीखाली डाव्या हाताची चार बोटे दाबून धरतात, आणि रेघ पुरी होईपर्यंत श्वास घेत नाहीत. तेवढ्या वेळात कोणी बोलल्यास ती रेघ खोडून नवे पान घेतात. खाडाखोड झालेला दस्तऐवज ग्राह्य धरला जात नाही, ही त्यांची कचेरीतली श्रद्धा. मी स्वतः या वहीत अनुक्रमांक १४ वर 'सुती दोर, वीस हात' या बाबीपुढे जबाबदार इसम म्हणून मुक्रर झालेलो आहे. एका दिवसाच्या सहलीस दोर कशासाठी, हे विचारण्याची छाती मला झाली नाही. मी निमूटपणे दोर विकत आणला आणि तो आमच्या माळ्यावर अनेक वर्षे आदेशाची प्रतीक्षा करीत पडून राहिला.

'मीठ, पावशेर' या बाबीवर तर एक संपूर्ण संध्याकाळ खर्ची पडली. शेजारचा एक तरुण, ज्याला साहेबांविषयी म्हणावा तितका धाक नाही, सहज म्हणून गेला, "साहेब, खाऱ्या पाण्याच्या सरोवराले चाललो आपण, तिथं मीठ न्या लागते का?" नाझरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढविला आणि अकबराच्या अमदानीतल्या 'आइन-ए-अकबरी'त लोणारच्या क्षाराचा उल्लेख असून काच व साबण बनविण्यास लागणारे द्रव्य तिथून निघे व सरकारात त्याचा महसूलही जमा होई, हे इतक्या तपशिलाने सांगितले, की जणू ती वसुली त्यांच्याच सहीने झाली असावी. "साबनाचा खार तू खिचडीत घालशील का?" या प्रश्नाने त्यांनी प्रकरण निकालात काढले, आणि पावशेराचे अर्धा शेर केले.

वर्गणीचा अंदाज हा आणखी एक पेच. तो दर बैठकीस बदलतो, आणि एकदा तर माणशी आकडा एकदम अकरापट झाला. कोणी तक्रार केलीच, तर साहेब विद्वानांचा हवाला देतात : या विवराचे वय एका पद्धतीने मोजले तर सुमारे ५२,००० वर्षे भरते आणि दुसऱ्या पद्धतीने मोजले तर सुमारे ५,७०,०००, मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हिशेबात जर अकरापट तफावत राहते, तर एका गरीब नाझराच्या अंदाजपत्रकाकडे बोट दाखविणे हा कृतघ्नपणा नव्हे काय? यावर आमच्याजवळ उत्तर नसते.

परंतु सहलीचे तारू खरोखर ज्या खडकावर फुटले तो खडक म्हणजे रोडगे. वऱ्हाडातला मनुष्य घराबाहेर जेवायचे म्हटले की गोवऱ्यांच्या हारात भाजलेले, राख झटकून तुपात बुडविलेले रोडगे आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी याखेरीज दुसऱ्या अन्नास पंगत मानीत नाही. बेत सर्वानुमते ठरला, गोवऱ्यांचे नग वहीत चढले, आणि त्याच रात्री साहेबांना आठवले, की सरोवर व त्याचा काठ हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये अभयारण्य धोक्यात येईल अशा रीतीने तिथे विस्तव पेटविण्यास मनाई आहे. आता 'धोक्यात येईल अशा रीतीने' या शब्दांची व्याप्ती कोणती? पन्नास रोडग्यांच्या हाराने अभयारण्य धोक्यात येते काय, आणि न आल्यास पंचाहत्तरांच्या येते काय? सरळ मार्ग असा होता, की रोडगे घरी भाजून फडक्यात बांधून न्यावेत. ती सूचना पुढे येताच साहेबांनी आमच्याकडे असे पाहिले, की जणू कोणी मुद्देमाल घरी नेण्याची परवानगी मागितली. प्रकरण तहकूब झाले. माझ्या मते त्यांना मनातून आनंदच झाला होता, कारण सुटलेला प्रश्न त्यांना नेहमीच पोरका करून जातो.

२०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. उन्हाळ्याने पाणी आटून खारेपणा वाढला आणि खारट पाण्यातच जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग धरला, असे पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासात निष्पन्न झाले. आमच्या आळीत मात्र गुलाबी पाण्यापेक्षा त्या निमित्ताने उघडलेल्या वहीचीच चर्चा अधिक झाली. टाळेबंदीचे दिवस होते, म्हणून 'मुखपट्टी' ही नवी बाब, तिचे नग, आणि नगांपाठोपाठ धुण्याचा साबण असा विस्तार होत गेला. यादीची शुद्ध प्रत तयार झाली तेव्हा पाऊस पडून सरोवर पूर्ववत हिरवे झाले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत लागले. ती यादी जर आमच्या साहेबांकडे सोपविली असती, तर लोणार अद्याप शेऱ्याच्या रकान्यात असते.

त्याआधीच्या वर्षी टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन, शेतेशिवारे, नद्यानाले आणि तेलंगणाची हद्द तुडवीत सुमारे १,३०० किलोमीटर चालला आणि डिसेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन दाखल झाला. आळीतल्या त्याच धाकहीन तरुणाने ही वार्ता मुद्दाम साहेबांच्या ओसरीवर वाचून दाखविली. "पाहा साहेब, ना यादी, ना वर्गणी, ना बैठक, आला का नाही पोचून?" साहेब रेघ ओढीत होते. ती पुरी करून, श्वास सोडून, ते शांतपणे म्हणाले, "अरे, तो बायको शोधाले निघाला होता. ज्याची बायको संग येनार हाय, त्याले तयारी कराच लागते."

या वाक्यातील बायकोने त्यानंतरच्या एका नवरात्रात त्यांना न विचारता निर्णय घेतला. सकाळी सडासंमार्जन चालू असताना कोणीतरी म्हणाली, की आज लोणारच्या कमळजादेवीला जाऊन येऊ. आणि चहा होईपर्यंत आळीतल्या अठरा बायका, सहा पोरे, रात्रीच घरी भाजलेले रोडगे, भाजीचे पातेले आणि एक टेम्पो असा सारा लवाजमा दारात उभा राहिला. विवर उतरून त्यांनी देवीची ओटी भरली, येताना गोमुखाच्या धारेखाली पाय धुतले, दैत्यसूदनाच्या देवळातले कोरीव काम पोरांना दाखविले, बाजारात सीताफळांचा भाव पाडला, आणि दिव्यात तेल घालायच्या वेळेस सर्वजणी परतल्या.

साहेबांनी रात्री रीतसर चौकशी मांडली. मी साक्षीदार म्हणून ओसरीवर हजर होतो. जाण्याची वेळ, येण्याची वेळ, उपस्थितांची संख्या, पाण्याचे हंडे अशी एकेक बाब ते वहीशी ताडून पाहत होते आणि नाझरीणबाई सीताफळाच्या बिया वाटीत टाकीत उत्तरे देत होत्या. होता होता ते अनुक्रमांक १४ वर आले. क्षणभर थांबले. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "आन् दोर? दोर लागला होता का?"

मी हसू दाबण्याच्या तयारीत होतो.

"लागला ना," बाई म्हणाल्या. "सुलतानपूरच्या पुढं टेम्पोचा फाळका निखळला. पोट्टे खाली पडले असते. मंग यायच्या घरून आनलेल्या दोरानं बांधला." आणि त्यांनी सीताफळाने माखलेले बोट माझ्या दिशेने केले. माळ्यावरचा दोर आमच्या घरातून कधी हलला, याची मला खबर नव्हती.

नाझरसाहेबांनी पट्टी घेतली, अनुक्रमांक १४ च्या शेऱ्यात सावकाश, वळणदार अक्षरात 'उपयोगात आला' असे लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत त्या पानावर फुंकर घालीत बसले.