कात्रीचे पाप फिटले

'शोले'ची विनाकात्रीची प्रत डिसेंबर 2025मध्ये थिएटरांत आली आणि गिरगाव-लालबागच्या तीन पिढ्यांचे अज्ञान दूर झाले. 1975 साली, ऐन आणीबाणीत, सेन्सॉरने शेवट बदलायला लावला होता. ठाकूरने खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारायचे नाही. पोलीस वेळेवर पोहोचतील. पोलीस वेळेवर पोहोचले, आणि तरी लोकांनी सिनेमा खरा मानला, हे कौतुकास्पदच.

अहमदचा, म्हणजे आपल्या सचिन पिळगावकरांचा, खूनही तेव्हा कापला गेला. गब्बर हातावरची मुंगी मारतो, थोड्या वेळाने घोडा प्रेत घेऊन गावात येतो. बाकीचे प्रेक्षकाने मनातल्या मनात बघायचे. तिकिटाचे पैसे देऊन वर कल्पनाही आपणच करायची, हा कुठला न्याय?

तेव्हा आता हात आखडता घेऊ नये. जयने दोन्हीकडे छापा असलेले नाणे कुठून पाडून घेतले, त्याची पावती दाखवावी. हात नसलेल्या ठाकूरला ते बूट कोणी घातले, तेही सविस्तर यावे. गब्बर होळी कधी म्हणून विचारत बसतो. त्या खडकावर एक 'कालनिर्णय' टांगावे. ते 1973पासून निघते, त्यामुळे इतिहासालाही बाध नाही.

फक्त एक दृश्य राहून गेले आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या मिनर्व्हात हा सिनेमा पाच वर्षे चालला, ते अख्खे थिएटर कोणत्या कात्रीने कापले, तेवढे पुढच्या आवृत्तीत जोडावे. त्याला सेन्सॉरचीही हरकत नव्हती.