दिरंगाई पर्यटन योजना

मुंबई-गोवा महामार्गाला लोक उगाच नावं ठेवतात. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला. तेव्हापासून दर गणपतीआधी ‘यंदा रस्ता पूर्ण’ची घोषणा होते आणि चाकरमानी खड्डे चुकवत गावी पोचतो. याला नाकर्तेपणा म्हणणाऱ्यांनी परतीचा प्रवास नीट पाहावा. जाताना कोणी थांबत नाही, कारण आरती चुकायची भीती असते. परतताना पुढ्यात फक्त सोमवार असतो. माणगावला रांग लागते, काचा खाली होतात आणि डिकीत घरची आमसुलं नि नारळ कोंबलेले असूनही माणूस टपरीवरून कोकमाची बाटली आणि फणसपोळी विकत घेतो. पेणपर्यंत त्यात पोह्याचे पापड आणि मिरगुंडांची भर पडते. उन्हाळा असेल तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळही आरशाला लटकते. ताशी शंभरच्या वेगात यातलं काहीही खपत नाही. याउलट 2002 मध्ये पूर्ण झालेला पुण्याचा द्रुतगती मार्ग पाहा: मध्येच थांबायला मनाई, थांबायचं तर फूड मॉलमध्ये, आणि वाचवलेला वेळ तिथल्या वड्याच्या रांगेत खर्च. कशेडीच्या बोगद्यानेही घाटातली वळणं गिळली. सुदैवाने तिथे वाचलेली मिनिटं पुढे माणगावच्या कोंडीत गुंतवता येतात.

रुंदीकरणात टपरीवाल्यांचीच अंगणं गेली, असं कोणी म्हणेल. गेली खरी, म्हणून तर सरकारने रस्ता देण्याऐवजी त्यांच्या दारात गिऱ्हाईक अडकवून दिलं. रस्ता झाला की वर्दळ वाढेल, असं जाणकार सांगतात. वाढेल की, पण उड्डाणपुलावरून. आणि पुलावरून वाकून कोणी मिरगुंडं घेतल्याचं ऐकिवात नाही. राहिला एक आक्षेप, की या रस्त्यावर माणसं मरतात. त्यावर या सदराकडे उत्तर नाही. ज्यांनी ते द्यायचं, ते पुढच्या गणपतीची तारीख देतात.

आता कोकणासाठी नवा द्रुतगती महामार्गही आखला आहे. तो वेळेत झाला तर टपऱ्यांचं काही खरं नाही. पण एवढं घाबरून जायचं कारण दिसत नाही.