भावोजी, सत्तेचाळीस!

सकाळी सव्वासहाला फोन वाजला की कोणीतरी गेलं असणार, अशी आमच्या पिढीची धारणा. आमच्याकडे मात्र मेव्हण्याचा फोन असतो. ‘हॅलो’ वगैरे काही नाही. डॉक्टरांना ताप सांगावा तसा थेट आकडा. “भावोजी, सत्तेचाळीस!” पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्यावर तो पॉडकास्ट करतो. नव्या भागाची रात्रभरातली ही डाउनलोड्स.

भाग महिन्यातून दोन होतात, डॅशबोर्ड दिवसातून चाळीसदा उघडतो. दूध उतू गेलं तरी चालेल, आलेख उतरता कामा नये.

डाउनलोड मोजण्याची आयएबी या अमेरिकी संस्थेची नियमावली त्याला अथर्वशीर्षासारखी पाठ आहे. किमान एक मिनिटाचा आवाज मावेल एवढी फाइल उतरली तरच डाउनलोड धरायचं. त्याच आयपी पत्त्यावरून, त्याच ॲपने २४ तासांत पुन्हा मागितली तर मोजायची नाही. नियम चोख, पण त्यांचा ताप सासुरवाडीला झाला. घरात वायफाय एक आणि तिघांचे फोन एकाच सेलमध्ये घेतलेले, एकाच मॉडेलचे. म्हणजे हिशेबात सगळं कुटुंब मिळून एक श्रोता! तेव्हापासून नवा भाग आला की सासूबाई तव्यावरची पोळी तशीच टाकून, वायफाय बंद करून गॅलरीत उभ्या.

“किती वेळ ऐकू रे?”

“एक मिनिट. मग बंद केलंस तरी चालेल.”

एकदा व्हर्जिनियातल्या ॲशबर्न गावाहून नऊ डाउनलोड्स आली. लगेच पुढच्या भागात ‘ॲशबर्नकर रसिकांना’ सादर प्रणाम! त्या परिसरात डेटा सेंटरांची प्रचंड दाटी आहे आणि तिथली यंत्रं रात्रंदिवस कुणाकुणाच्या फाइली ओढत असतात. होस्टिंगवाले असले बॉट गाळतात, तरी गाळणीतून चार सुटतातच. एवढं मी बोललो आणि आठवडाभर पहाटेची शांत झोप मिळाली.

सप्टेंबर २०२३ मध्ये तर घरात सुतकच होतं. आयओएस १७ आलं. मध्येच ऐकणं सोडून परत आलेल्या माणसाच्या फोनवर राहिलेले सगळे भाग आपोआप उतरवणं ॲपलच्या ॲपने थांबवलं, आणि जगभरच्या पॉडकास्टवाल्यांचे आकडे घसरले. श्रोते तेवढेच होते. न ऐकता साठलेले भाग तेवढे मोजणीतून गेले. पण याला ते कोण समजावणार?

खरं तर त्याच्याच विषयात उत्तर आहे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजहून नळ आणला, पाणी शहरातल्या हौदांत पडलं. हौद किती भरला हे सांगता येतं. त्यातलं कोण प्यायलं आणि कोणी नुसते पाय धुतले, हे हौदाला काय ठाऊक! ॲपलच्याच दुसऱ्या एका पानावर भाग कुठवर ऐकला गेला याचा आलेख असतो. तो मी एकदा चोरून पाहिला. तिसऱ्या मिनिटाला कडेलोट. नेमका तिथेच हा ऋणनिर्देश वाचत होता. “ते पान वेगळं आहे, भावोजी,” म्हणत त्याने फोन पालथा ठेवला.

परवा सासूबाईंकडे भिशी होती. आम्ही दारात पोचलो तर आतून त्याचाच आवाज! टेबलावर एक फोन स्पीकरवर ठेवलेला, भोवती सात बायका. साबुदाणावड्याचा घास हातातच राहिलेला. नळावर ठरावीक अंतरानं बांधलेल्या उच्छ्वासांचं, म्हणजे हवा सोडणाऱ्या मनोऱ्यांचं, वर्णन चाललेलं. एक काकू म्हणाल्या, “अगं, आमच्या वाड्याशेजारी होता की असला!” कोणीतरी त्यांना गप्प केलं. पंचविसावं मिनिट चालू होतं. ऋणनिर्देशसुद्धा सोसला होता बिचाऱ्यांनी.

मी कौतुकाने मेव्हण्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते.

“सातजणी,” तो कळवळून पुटपुटला, “आणि डाउनलोड एकच!”

मग आत जाऊन त्याने भाग थांबवला आणि विचारलं, “काकू, तुमचे फोन कुठंयत? आणि जरा एकेक करून गॅलरीत याल का?”