आत काय आहे?

जून उजाडला, शाळांना सुट्ट्या लागायची वेळ आली, की दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घराघरांत खोके बांधले जातात. माणसं विमानानं पुढे जातात, सामान समुद्रमार्गे मागून येतं. कार्गोवाला चिकटपट्टी ओढता ओढता विचारतो, "भाभी, अंदर क्या है?" उत्तर ठरलेलं: कपडे, भांडी, मुलांची खेळणी. फॉर्मवर ‘घरगुती सामान’ एवढंच लिहिलं जातं, खाली सही होते, खोका निघतो. टॉवेलच्या घडीत मात्र दोन पॉवर बँका असतात, अर्धा डझन डिओ स्प्रे असतात, आत्यासाठी घेतलेलं अत्तर असतं आणि तळाशी मुलाची इलेक्ट्रिक स्कूटर, बॅटरीसकट. बोटीच्या नियमांत यातली प्रत्येक वस्तू धोकादायक मालात मोडते.

याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. मी म्हणतो. कारण त्या सहीची किंमत बोटीवरची माणसं मोजतात.

आपल्याला हे कळायला हवं होतं ते ७ जुलै २०२१ च्या रात्री. जेबेल अली बंदरात ‘ओशन ट्रेडर’ नावाच्या लहानशा जहाजावर स्फोट झाला आणि दुबईभर खिडक्या थरथरल्या. आपण तर बंदराचे शेजारी. लोक बाल्कनीत आले, व्हिडिओ काढले. बोटीवर १३० कंटेनर होते आणि त्यांतल्या फक्त तिनांत ज्वालाग्राही माल होता, असं अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. १४ खलाशी वेळेत बाहेर पडले, आग तासाभरात आटोक्यात आली आणि चार दिवसांत आपण विषय सोडून दिला.

बंदराला तो सोडता येत नाही. मार्च २०१८ मध्ये ‘मर्स्क होनाम’ अरबी समुद्रात पेटलं, २७ पैकी ५ जण गेले, त्यांत आपले भारतीयही होते. त्याचा जळका सांगाडा ओढत आणला तो जेबेल अलीलाच. २०२१ च्या मे महिन्यात ‘एक्स-प्रेस पर्ल’ कोलंबोसमोर पेटलं आणि जूनमध्ये बुडालं. त्यावरचा गळका नायट्रिक आम्लाचा कंटेनर चढला होता जेबेल अलीत. वाटेत कतारच्या हमाद आणि गुजरातच्या हजिरा बंदरांत तो उतरवून घ्यायची विनंती झाली, दोन्हीकडून नकार आला. आणि ९ जून २०२५ ला कोलंबोहून आपल्या न्हावा-शेव्याला निघालेलं ‘वान हाय ५०३’ केरळच्या किनाऱ्यासमोर पेटलं. २२ पैकी १८ जणांना वाचवलं, चार बेपत्ता झाले. ते जहाज तिथे पोचलंच नाही. कित्येक आठवडे धुमसत राहिल्यावर त्यालाही आसरा दिला तो जेबेल अलीनं.

लोक विचारतात, बोटीवर आग विझवता येत नाही का? डेकवर कंटेनरची सात-आठ मजली भिंत, आणि आग त्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या बंद पोलादी पेटीत. हाताशी वीस-पंचवीस माणसं. त्यांत स्वयंपाकीही आला आणि पहिल्यांदाच बोटीवर चढलेला कॅडेटही. नळीचं पाणी पेटीच्या बाहेरून ओघळून जातं. पेटीला भोक पाडून आत पाण्याचे तुषार सोडणारा भाला मिळतो, पण त्याची सक्ती २०१६ पासून बांधलेल्या जहाजांनाच. म्हातारी जहाजं तशीच फिरतात. रत्नागिरी-रायगडातली पोरं त्यांच्यावरही चढतात.

म्हणून आग बोटीवर विझवायची नसते, ती गोदामात अडवायची असते. शिशाचा, म्हणजे हुक्क्याचा, कोळसाच घ्या, दुबईत याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. कोळसा आपोआप तापून पेटतो. तरी चाचणीचं एक प्रमाणपत्र जोडलं की तो साध्या मालासारखा जायचा. २०१५ ते २०२२ या काळात कोळशामुळे जहाजांवर आग लागल्याच्या किमान ६८ घटना नोंदल्या गेल्या. अखेर १ जानेवारी २०२६ पासून ती पळवाट बंद झाली. आता कोळसा धोकादायक म्हणूनच जाहीर करायचा, भरण्यापूर्वी नीट थंड करायचा, कंटेनरच्या छताखाली ३० सेंटिमीटर जागा मोकळी सोडायची. एवढी साधी गोष्ट, आणि त्यासाठी ६८ आगी लागल्या!

माल न सांगता चढवला की काय होतं, हे आपल्याला तर १९४४ पासून ठाऊक आहे. १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं एकत्र होती. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा लावलेलाच नव्हता. आग लागली, स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दर १४ एप्रिलला आपण त्यांना सलामी देतो, ती द्यायलाच हवी. पण बावटा न लावण्याची सवय आपण अजून सोडलेली नाही, फक्त आता ती फॉर्मवर उतरली आहे.

होनामची गोष्ट थोडी वेगळी, तीही सांगतो. तिथे माल लपवलेला नव्हता. पाणी निर्जंतुक करायचं क्लोरीनयुक्त रसायन एकाच खणात हजार टनांच्या आसपास रचलं होतं आणि चौकशीचा संशय त्याच्यावरच गेला. म्हणजे खरं सांगूनही आग लागू शकते. पण निदान तिथे कुठे काय आहे हे कप्तानाला माहीत होतं. ‘घरगुती सामान’ लिहिलेल्या पेटीपाशी त्याला तेही माहीत नसतं.

खोटी घोषणापत्रं भरणाऱ्या व्यापाऱ्याला आजही मुख्यतः दंडच होतो, आणि पकडला गेला तरच. बंदरांनी जास्त पेट्या उघडून पाहाव्यात, दंड माल पाठवणाऱ्याला खरोखर झोंबेल इतका असावा आणि गळका कंटेनर उतरवून घ्यायला कुठलंच बंदर नाही म्हणू नये. हे सरकारांनी करायचं. खोका मात्र आपण बांधतो. पॉवर बँक केबिन बॅगेत न्या, विमानात ती तिथेच चालते. डिओ मुंबईतही मिळतो. स्कूटर पाठवायचीच असेल, तर बॅटरीचं कार्गोवाल्याला स्पष्ट सांगा, आणि तो "चलता है" म्हणाला, तर दुसरा कार्गोवाला बघा.